सेवाग्रामची शाळा: एकाच आवारात दोनदा सुरू झालेली

वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवर सेवाग्राम. सहलीच्या बसगाड्या आश्रमापाशी थांबतात, पोरंसोरं बापूकुटीसमोर फोटो काढतात आणि तिथून पवनारकडे निघतात. आश्रमाच्या शेजारीच नई तालीमचं, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या गांधींच्या शिक्षणपद्धतीचं, आवार आहे, पण तिकडे वळणारे थोडे. वळले तरी त्यांना गांधींच्या काळातली एखादी जुनी संस्था पाहिल्यासारखं वाटतं आणि ते पुढे जातात. शिक्षणात काम करणाऱ्याने मात्र इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे फार थोड्या शाळांच्या वाट्याला येतं ते या आवाराच्या वाट्याला आलं आहे. इथली शाळा देशभर गाजली, मग बंद पडली, आणि तीसेक वर्षांनी त्याच जागी, त्याच विचाराने पुन्हा सुरू झाली.

पहिली शाळा हिंदुस्तानी तालीमी संघाची. संघ 1938 मध्ये स्थापन झाला. ती सत्तरच्या दशकात बंद पडली. दुसरी आनंद निकेतन, 2005 पासून नई तालीम समिती चालवते. दोन्ही वेळा चालवणारी संस्था सरकारबाहेरची. जागा तीच आणि विचारही तोच असताना पहिली का टिकली नाही आणि दुसरीने काय वेगळं केलं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: पहिली शाळा वर्गात काही चुकलं म्हणून बंद पडली नाही. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे जायला वाट नव्हती. दुसऱ्या शाळेने ती वाट आधी बांधली आणि त्यासाठी पहिल्या शाळेच्या काही गोष्टी सोडून दिल्या.

जागा

1930 च्या मार्चमध्ये दांडीला निघताना, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असं गांधी म्हणाले होते. मग राहायचं कुठे? जमनालाल बजाज त्यांना वर्ध्याला बोलावत होतेच. 1934 मध्ये बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग ग्रामोद्योगाच्या कामाला दिली, तिचं नाव मगनवाडी झालं. पण गांधींना शहराची कड नको होती, खेडं हवं होतं. 30 एप्रिल 1936 रोजी ते शेगावला राहायला आले. इथल्या मालगुजारीचा, म्हणजे जमीनदारीचा, मोठा हिस्सा बजाजांकडे होता, त्यामुळे जमिनीचा प्रश्न आला नाही. गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, आणि पत्रं तिकडे जायची. म्हणून 1940 मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं.

बांधकामासाठी गांधींची अट होती की आसपास मिळेल तेच सामान वापरायचं. म्हणून मातीच्या भिंती, बांबू, शिंदीची पानं, वर कवेलू. विदर्भातल्या कुणाही शेतकऱ्याचं घर तेव्हा असंच असायचं. लोक याकडे साधेपणाचा आदर्श म्हणून बघतात, आणि तसा तो आहेही. पण शाळेच्या दृष्टीने त्याचा उपयोग वेगळा. अशी इमारत दर पावसाळ्याआधी दुरुस्त करावी लागते. कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, कुडाला टेकू द्यावा लागतो. ही कामं लहान मुलांच्या हातून होण्यासारखी आहेत. सिमेंटच्या इमारतीत मुलांना करण्यासारखं फार तर झाडणं उरतं.

आजूबाजूला काळी, कपाशीची जमीन. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकातच परदेशातल्या बाजारात पोचलं होतं. म्हणजे पुढे शाळेने सूतकताईचा जो उद्योग मध्यभागी ठेवला, त्याचा कच्चा माल कुंपणापलीकडच्या वावरातच उभा होता. हे लक्षात ठेवावं लागतं, कारण नंतर हाच उद्योग देशभरच्या शाळांना लावताना जिथे कपाशीचं झाड औषधालाही नाही तिथेही सूत काढायच्या टकळ्या वाटल्या गेल्या.

तीन तास वीस मिनिटं

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. निमित्त मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं, अध्यक्ष गांधी. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती आणि त्यांच्यापुढे पेच होता: दारूबंदी करायची तर अबकारीचं उत्पन्न बुडणार, आणि शाळांवरचा खर्च बराचसा त्याच उत्पन्नातून चालायचा. गांधींचं म्हणणं, मुलांना एखादा उद्योग मनापासून शिकवा, त्याच्या आधाराने बाकी विषय शिकवा, आणि मालाच्या विक्रीतून मास्तरांचा पगार निघू द्या.

परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या नाहीत. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी शाळेच्या मालाची गावातल्या कारागिराशी स्पर्धा होईल, अशी हरकत घेतली. झाकिर हुसेन यांनीही स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षण मागे पडेल, असा इशारा दिला. गंमत म्हणजे अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. 2 डिसेंबर 1937 ला अहवाल आला, फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, आणि एप्रिलमध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी आपली विद्यामंदिर योजना याला जोडून घेतली. तिच्या नावावरून मुस्लिमांच्या मनात नाराजी आली. शिक्षणाच्या योजनेत तेवढ्यापुरतं राजकारण शिरलं ते शिरलंच.

अहवालातलं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यात मूलोद्योग, म्हणजे शाळेने निवडलेला मुख्य हस्तोद्योग, 3 तास 20 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटं. मातृभाषा 40, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान 30, शारीरिक शिक्षण 10 आणि सुट्टी 10. वर्षात 288 दिवस शाळा. सात वर्षं हा क्रम, मातृभाषेतून, इंग्रजी नाही.

गणिताला स्वतःची धड चाळीस मिनिटंही नाहीत, हे वाचून आजचा पालक शाळेच्या फाटकातूनच परत फिरेल. अहवालाची कल्पना अशी की गणित त्या तीन तास वीस मिनिटांतच होईल. कागदावर हे लिहिणं सोपं. ते घडायचं तर शिक्षक तसा हवा आणि जागा तशी हवी. सेवाग्रामला दोन्ही होतं, बाकी देशात बहुतेक ठिकाणी दोन्ही नव्हतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ मला इथे दिसतं.

कापसापासून गुंडीपर्यंत

संघाचं काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने उभं केलं. ते श्रीलंकेतले तमिळ ख्रिस्ती, त्या बंगाली. दोघंही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काम करून आलेले. म्हणून सेवाग्रामच्या शाळेत कामाइतकंच गाणं आणि चित्र राहिलं. 1944 मध्ये शांतिनिकेतनातूनच शिकून आलेले चित्रकार देवी प्रसाद कलाशिक्षक झाले आणि 1962 पर्यंत राहिले. 1949 पासून दहाएक वर्षं इंग्लंडहून आलेल्या शिक्षिका मार्जोरी साइक्स इथे शिक्षकांना घडवत होत्या. गांधींचा चरखा आणि शांतिनिकेतनचा कुंचला एका आवारात नांदले, हे या शाळेचं भाग्य. टकळीची शाळा म्हणजे रुक्ष शाळा, असं ज्यांना वाटतं त्यांना ही बाजू बहुधा माहीत नसते.

प्रत्यक्ष शिकवणं कसं चाले ते कापसावरूनच बघू. कापूस वेचून आणायचा. लोढायचा, म्हणजे सरकी वेगळी काढायची. पिंजायचा. पिंजलेल्या कापसाचे पेळू वळायचे आणि पेळूतून टकळीवर सूत काढायचं. सूत फाळक्यावर गुंडाळलं की मोजणी सुरू. फाळक्याचा एक फेरा म्हणजे एक तार, चार फुटांची. 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत 640 तार, 2,560 फूट, साधारण 780 मीटर. दुसरी-तिसरीतल्या मुलाला हे पाठ करावं लागत नाही, कारण त्याने ते फेरे स्वतः मोजलेले असतात आणि मध्ये कुणी हाक मारली म्हणून मोजणी चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलेले असतात.

पुढची पायरी सुताच्या नंबराची. सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा, कारण एका पौंडात तितक्या जास्त गुंड्या बसतात. दहा गुंड्या मिळून पौंड भरला तर सूत साधारण दहा नंबरचं. आता एकच गुंडी काट्यावर टाकून नंबर काढायचा तर भागाकार आला, दशांश आला, आणि ‘साधारण’ म्हणजे किती, हाही प्रश्न आला. माझं सूत तुझ्यापेक्षा जाड का? पेळू नीट वळला नव्हता, की कापूसच आखूड धाग्याचा होता? इथून वनस्पतिशास्त्राकडे जाता येतं. हिंगणघाटचा कापूस मुंबईला कसा जायचा, रेल्वे नागपूरपर्यंत कुणाच्या सोयीसाठी आली, 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाल्यावर आपल्याकडच्या कापसाचे भाव का चढले, असा इतिहास-भूगोलही त्याच धाग्याने हाती येतो. शिक्षकाला स्वतःला हे माहीत असेल तर. नसेल तर तीन तास वीस मिनिटं पोरं नुसती सूत काढत बसणार, आणि मग ती बालमजुरीच. झाकिर हुसेन यांचा इशारा अशा शाळेला तंतोतंत लागू पडतो.

दुसरं उदाहरण गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांचं. ते लहानपणी इथेच शिकले आणि त्या दिवसांबद्दल त्यांनी लिहिलं-सांगितलं आहे. गोठ्यातल्या गुरांसाठी पाण्याची टाकी हवी, ती केवढी असावी, असा प्रश्न गणिताच्या शिक्षकांनी टाकला. त्यासाठी गाय दिवसाला किती पाणी पिते हे आधी बघावं लागणार. समजा वीस गुरं आणि प्रत्येकी 40 लिटर, तर 800 लिटर. (आकडे माझे, हिशेब समजावा म्हणून.) 800 लिटर म्हणजे 0.8 घनमीटर, चार मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, 40 सेंटिमीटर खोल टाकीत ते मावतं. पण टाकी काठोकाठ भरत नाहीत, आणि वासराचं तोंड पोचायला हवं म्हणून फार उंचही करून चालत नाही. घनफळाच्या धड्यात पुस्तकातली टाकी नेहमी काठोकाठ भरते आणि तिच्यातून पाणी कुणीही पीत नाही.

या उदाहरणांत आवाराचं काम काय ते उघड आहे. विहीर, गोठा, वावर, स्वयंपाकघर, संडास, मागाची शेड हे सगळं चालण्याच्या अंतरावर, आणि त्यातलं प्रत्येक रोज वापरातलं. संडास सफाईसुद्धा मुलं आणि शिक्षक मिळून करत, आणि मैल्याचं खत होऊन ते शेतात जाई. हे शाळेचं साहित्य होतं. साहित्यकोठीत कुलपात ठेवता येत नाही असं.

1942 मध्ये चळवळीत कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि काम विस्कळीत झालं. 1944 मध्ये सुटून आल्यावर गांधींनी व्याप्ती वाढवायला सांगितली, आणि जानेवारी 1945 च्या सेवाग्राम परिषदेत सात वर्षांच्या शाळेची जागा जन्मापासून मरणापर्यंतच्या शिक्षणाने घेतली: पूर्वबुनियादी, बुनियादी (म्हणजे पायाभूत, नई तालीमची मूळ सात वर्षांची शाळा), उत्तर बुनियादी, प्रौढशिक्षण. 1946 मध्ये गांधी सेवाग्रामहून निघाले ते परत आलेच नाहीत. पण शाळेचे बहराचे दिवस त्यानंतरचेच, साधारण पन्नाशीचं दशक. डिसेंबर 1949 मध्ये जगभरचे शांतिवादी शांतिनिकेतननंतर इथेच जमले होते.

बंद का पडली

एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं: नेहरूंना कारखाने हवे होते, गांधींची शाळा मागे पडली. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. सरकारने बुनियादी शिक्षण नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. सरकारने ते स्वीकारलं आणि राष्ट्रीय धोरण केलं. हजारो शाळांच्या पाट्या बदलल्या, टकळ्या आणि पेट्या पोचत्या झाल्या. वावर, विहीर आणि तयार शिक्षक पोचले नाहीत. 1956 मध्ये जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालच्या मूल्यमापन समितीने राज्याराज्यांतून फिरून पाहिलं, तेव्हा कामात किती अर्धवटपणा आहे ते तिला दिसलंच. लोकांनी ‘बुनियादी’ म्हणून जी शाळा पाहिली ती ही. तिची बदनामी सेवाग्रामच्या खऱ्या शाळेलाही भोवली.

दुसरं कारण प्रमाणपत्राचं, आणि माझ्या मते हेच मुख्य. उत्तर बुनियादी संपवून बाहेर पडलेल्या मुलाला कॉलेजात घ्यायचं कसं, याचं नीट उत्तर विद्यापीठांकडे नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मुलाला कारकुनी मिळायची. ज्याला टाकी बांधता येते, हिशेब येतो, शेती येते, त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता. स्वातंत्र्यानंतर खेड्यातल्या बापाला पोराच्या हातात सरकारी नोकरीचा कागद बघायचा होता, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सेवाग्रामच्या लोकांचं म्हणणं असं की सगळा समाजच बदलेल, मग कागदाची गरज राहणार नाही. समाज तसा बदलला नाही आणि मुलं मोठी होत गेली.

याला जातीची बाजूही आहे, आणि गांधीवादी लिखाणात तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यावर कडक टीका केली ती उगाच नव्हे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या झाडू आणि मेलेली गुरं याच गोष्टी वाट्याला आल्या, त्या घरातल्या मुलाला शाळेतही सफाईच करायला लावणार? सेवाग्रामचं उत्तर होतं: सगळ्यांच्याच मुलांना लावणार, ब्राह्मणाच्या आणि मास्तरच्याही. तत्त्व म्हणून उत्तर चोख आहे. पण संध्याकाळी घरी गेल्यावर एका मुलासाठी तो प्रयोग असतो आणि दुसऱ्यासाठी घरचंच काम. सरकारी बुनियादी शाळांमध्ये तर ‘सगळ्यांची मुलं’ हा भागच गळाला; शहरातल्या साहेबांची पोरं इंग्रजी शाळेत आणि टकळी खेड्यात.

तिसरं कारण घरातलंच. 1951 पासून विनोबांच्या भूदान चळवळीने सर्वोदयाची, म्हणजे गांधीवादी कार्यकर्त्यांची, बहुतेक ताकद रस्त्यावर ओढली. शाळा चालवायला रोज तेच फाटक उघडावं लागतं. पदयात्रेत गेलेल्या माणसाला ते जमत नाही. 1959 मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. आशादेवी आणि आर्यनायकम यांची पिढी सरत गेली, त्यांच्या जागी तशी माणसं आली नाहीत. वर्ग रोडावले आणि सत्तरच्या दशकात शाळा थांबली. एका दिवसात कुलूप लागलं असं झालं नाही.

विचाराचं काय झालं? तो महाराष्ट्राच्या शाळांत ‘कार्यानुभव’ नावाने आला. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली होती. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातलं आठवतं ते क्रेप कागदाची फुलं, थर्माकोलचं घर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईने विणून दिलेला रुमाल. 288 दिवस रोज 3 तास 20 मिनिटं म्हणजे वर्षाला 960 तास होतात. त्या जागी आठवड्याला एक-दोन तासिका आल्या. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ ही पाटी अजून दिसते. ती त्या काळाचीच खूण.

2005

नई तालीम समितीने आनंद निकेतन सुरू केलं तेव्हा आवार अनोळखी झालं नव्हतं, कारण जमीन विकली गेली नव्हती. हे वाटतं तितकं साधं नाही. 1969 मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, वस्ती वाढली, जागेला भाव आला. शहरातल्या कितीतरी जुन्या शाळांची मैदानं अशा वेळी गेली. इथे संस्था टिकून राहिली, म्हणून जागा राहिली, म्हणून शाळा परत करता आली. दुरुस्ती करून जुन्या जागा वापरात आल्या. शाळा मराठी माध्यमाची, आसपासच्या खेड्यांतल्या मुलांची. लहान वर्गांपासून सुरू होऊन पुढे दहावीपर्यंत वाढत गेली. त्याच वर्षी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही काम आणि शिक्षण यांची सांगड पुन्हा चर्चेत आणली होती, त्यामुळे वारं अगदी विरुद्ध नव्हतं.

पण आसपासचा काळ बघा. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळालेली, बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं, कर्जाचा डोंगर. 2006 मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धा होता. ज्या घरांत कपाशीने माणसं खाल्ली, त्या घरांना ‘तुमच्या मुलाला शाळेत कपाशी शिकवू’ असं सांगायचं! आम्ही मातीत राबलो ते पुरे, पोरानं तरी राबू नये, हे या भागात कुणीही बोलून दाखवतं. 1938 च्या शाळेपुढे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने नव्हता.

आनंद निकेतनने घेतलेले निर्णय मला म्हणून जास्त शहाणपणाचे वाटतात. राज्याचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं नाकारायची नाहीत. दहावीला बोर्डाची परीक्षा द्यायची. मूल इथून कुठेही जाऊ शकलं पाहिजे. जुन्या शाळेला जी वाट बांधता आली नाही ती पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवली. दुसरं, मुलांच्या कामातून पगार काढायचा हा आग्रह सोडला. सूतकताई आहे, पण एका उद्योगाभोवती सगळं फिरवायचं नाही. शेतीचे वाफे, स्वयंपाक, सफाई, शिवण, चित्र, मातीकाम असं काम विभागलं. गांधींच्या मूळ योजनेशी ताडून पाहिलं तर ही माघार आहे. कट्टर माणूस म्हणेल, मग उरलं काय?

उरलं ते स्वयंपाकघरात बघावं. मुलांचा गट रांधायला बसतो तेव्हा किती जणांसाठी, किती डाळ, किती पाणी, किती जळण हे ठरवावं लागतं आणि ते चुकलं तर सगळ्यांना दुपारी कळतं. वाफ्यात काय लावलं, कधी उगवलं, किडीने किती खाल्लं, किती निघालं याच्या नोंदी वहीत. रासायनिक खत न घालता पीक घेऊन बघायचं आणि घरच्या वावराशी ताडायचं. शेतकऱ्याच्या मुलीने घरी जाऊन बापाला बियाण्याच्या पाकिटाचा हिशेब विचारला तर ती शेतीत अडकायला शिकली असं म्हणता येणार नाही. उलट बापाने ज्याच्याकडून उधारीवर पाकीट आणलं त्याला ते अवघड जाईल.

शिक्षणहक्क कायद्याने 2010 पासून प्रत्येक खासगी शाळेला मान्यतेचे निकष लावले: वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, मैदान, कुंपण. इमारतीच्या बाबतीत हे बरोबरच आहे. पण त्या यादीत विहीर नाही, वावर नाही, मुलांच्या उंचीचा ओटा असलेलं स्वयंपाकघर नाही. यादीत नाही त्यावर पैसे मागताना संस्थाचालकाच्या घशाला कोरड पडते.

शाळेची कमकुवत जागा शिक्षकांची आहे, तेव्हाही होती. जुन्या काळी शिक्षक याच आवारात घडत. आज डी.एड. करून आलेल्या ताईला पेळू वळता येत नाही आणि वाफ्यातल्या किडीवरून विज्ञानाचा तास घेण्याचं प्रशिक्षण तिला कुणी दिलेलं नसतं. ते ती इथे येऊन, बरोबरच्या ताईंकडून शिकते, आणि शिकून तयार झाली की जिल्हा परिषदेच्या नोकरीची जाहिरात निघते. स्वतंत्रपणे चालणाऱ्या बहुतेक छोट्या शाळांचं हेच रडगाणं आहे. सेवाग्रामला ते जास्त लागतं, कारण इथल्या शिक्षिकेची जागा पाठ्यपुस्तक घेऊ शकत नाही.

आता इतर शाळांसाठी यातून काय घ्यायचं? 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांकडे जाऊन शिकण्याचे. दहा दिवसांत कुंभाराचं चाक बघून होईल. मला विचाराल तर सेवाग्रामची नक्कल करायला जमीन शोधत बसू नये. आपल्या जिल्हा परिषद शाळेत एक गोष्ट आधीच आहे, आणि ती म्हणजे पोषण आहार. रोज शिजतो, रोज मोजला जातो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, असा नियम आहे. हा हिशेब सध्या मुख्याध्यापक रजिस्टरात आणि मोबाइलवर भरतात, आणि अशैक्षणिक काम म्हणून त्याला वैतागलेले असतात. चौथीच्या वर्गाला द्यावा. पट चाळीस, आज सात गैरहजर, तर तांदूळ 3 किलो 300 ग्रॅम, डाळ 660 ग्रॅम, भाजी 1 किलो 650 ग्रॅम, तेल 165 ग्रॅम. महिनाअखेरीस कोठीतली शिल्लक जुळते का ते मुलांनीच तागडीने बघावं, आणि जुळली नाही तर का, हेही त्यांनीच विचारावं. अडचण एवढीच की हा प्रश्न काही ठिकाणी मोठ्यांना आवडणार नाही.